बाजीचं दुखणं

भार्गवरावांनी काडेपेटी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. आत त्यांचा पाळलेला भुंगा, बाजी, पाय वर करून पडला होता.

"कशाने गेला हो, डॉक्टरबाई? रोज पिकलं केळं देत होतो, माती ओली ठेवत होतो. माझं चुकलं कुठे?"

मृणालिनीबाईंनी भिंगातून पाहिलं. "तुमचं काही चुकलं नाही, काका. म्हातारा झाला होता तो."

"म्हणजे काय झालं होतं?"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. माणसांना दर दिवाळीला पेशींच्या डागडुजीची सुई टोचायला लागल्यापासून 'म्हातारा' हा शब्द किड्यामुंग्यांपुरताच उरला होता.

"म्हणजे... शरीर थकतं. मग थांबतं."

"थकलं की थांबता येतं?"

"भुंग्यांना येतं."

भार्गवराव एकशे साठ वर्षांचे होते, दिसायला चाळिशीचे. पाणीपट्टीच्या कचेरीतली नोकरी अजून चालूच होती, कारण निवृत्ती सरकारने केव्हाच रद्द केली होती. त्यांनी काडेपेटी जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"याची लागण होते का हो?"

"छे! अगदी निर्धास्त राहा, काका."

भार्गवरावांचा चेहरा पडला. अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती. काडेपेटी सदऱ्याच्या खिशात, छातीशी ठेवून ते कचेरीकडे निघाले. डॉक्टरांचंही चुकतं कधीकधी.