रविवारचा खाडा

तिसरं पोतं काट्यावर चढलं आणि दोधूच्या डोळ्यांपुढे एका काट्याचे दोन काटे झाले. आधाराला पुढे केलेला हात मिरच्यांत गेला. उखा हमालाने बखोटीला धरून त्याला पोत्यावर बसवलं.

"आज कोणता देव रे भाऊ?"

"शनवार. मारुती."

"काल एकादशी, परवा दत्त. तेहतीस कोटीमाईन बाकी कोण ऱ्हायना, तेवढं सांग."

हमाल हसले. दोधूही हसला. हसण्याला पैसा पडत नव्हता.

लढाईचं पाचवं वर्ष होतं. तापीकाठच्या आपल्या खेड्यात दोधूने सरपण कधी विकत घेतलं नव्हतं. नंदुरबारला दातवणसुद्धा विकत. मिरचीच्या वखारीत मापाड्याचं काम, पगार बावीस रुपये. झोपायला वखारीतलीच पोती, म्हणजे भाडं नाही आणि रात्रभर ठसका. आठ रुपये घरी धाडायचे. दहा फुलवंताबाईच्या खाणावळीचे. उरलेल्या चारांत तेल, साबण, चपलेचा तुटका अंगठा. त्यातून काय वाचणार?

आणि वाचायला तर हवंच होतं. गावी कमलबाईला सातवा महिना लागला होता. आधीची दोन्ही बाळं गावातच झाली आणि पाचवी पुजायच्या आत गेली. या खेपेला तुला दवाखान्याजवळ नेतो, असं दोधूने तिला कबूल केलं होतं. खोलीही पाहून ठेवली होती. मालक होळीपर्यंत थांबणार होता. पण तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, पंधरा रुपये रोख.

खाणावळीत खाडा धरत. ज्या दिवशी माणूस जेवला नाही, त्या दिवसाचे पाच आणे महिनाअखेरीला वजा. दोधूने आधी सोमवार धरला, महादेवाचा. मग गुरुवार आणि शनिवार. पौषात मंगळवारही देवीला दिला. एकादशी, चतुर्थी, प्रदोष आपसूक आले. लोक उपासाला भगर खातात, शेंगदाणे खातात. दोधू पाणी पिई आणि दिवेलागणीला राममंदिरात कीर्तनाला जाऊन बसे. तिथे प्रसादाचं केळं मिळे. पहिल्यांदा तो केळ्यासाठीच गेला होता. पण बुवांचा गळा असा गोड, की झांज वाजू लागली म्हणजे पोटातली कळसुद्धा जरा मागे सरून बसे, जणू तिलाही ऐकायचं असावं. पेठेतले लोक दोधूला भगत म्हणू लागले.

अजून अकरा खाडे हवे होते.

संध्याकाळी तो खाणावळीच्या ओट्यावर येऊन टेकला. आत भरताची वांगी भाजली जात होती. गुरुवारपासून त्याच्या पोटात दोन केळी गेली होती, आणि आज तर काट्यापाशी उभंही राहवलं नव्हतं. असाच पुन्हा पडला, तर शेठ दुसरा माणूस लावील आणि बावीस रुपयेही जातील. दोधूने ठरवलं, बस झालं. फुलवंतामावशीला खरं सांगायचं आणि ताट मागायचं. कमलबाईला काय सांगायचं, ते मात्र त्याला सुचत नव्हतं.

फुलवंताबाई हात पुसत बाहेर आली. "दोधूबापू, जरा मांगे ये. बोलनं शे तुन्हासंगे."

हिला कळलं, दोधूच्या मनात आलं. बरंच झालं.

मागच्या अंगणात तुळशीपाशी ती थांबली. चार आण्यांसाठी भर पेठेत वखारवाल्यांना अडवणारी ही बाई. पण आता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि वर पाहत नव्हती.

"मी तुन्ही चोरी कयी, बापू."

दोधूचा हात कमरेच्या कनवटीकडे गेला.

"मन्हा सुपडू पलटणमा गया, तवय बुवा कीर्तनमा बोलनात, आपला उपासनं पुण्य दुसराना पदरमा टाकता येस. मी कसा उपास करू? सकायपाईन चुल्हा. चाखनं पडस. तू जेवना नही का मी आठे तुयशीले पानी टाकीसन सांगस, दोधूना आजना उपास मन्हा सुपडूले. तुले न इचारता. चार महिना व्हयनात."

तिचा सुपडू ब्रह्मदेशच्या लढाईवर होता, हे खाणावळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"आते चाळीस दिन व्हयनात," ती म्हणाली, "कागद नही."

आत लसूण तेलात पडला. त्या वासाने दोधूचं तोंड दाराकडे वळलं. ओठांवर सगळं येऊन थांबलं होतं: कसला मारुती, मावशी, पाच आणे, कसला महादेव, पाच आणे. चार महिने ही माय रिकाम्या ताटाचं पांघरूण लढाईवरच्या पोरावर घालत आली होती.

"उद्या ऐतवार," फुलवंताबाई म्हणाली. "तुन्हा जेवानना दिन. तू त्यानी वाट देखस, माले माहीत शे. तरीबी मांगस. उद्याना एक उपास मन्हा सुपडूना नावना कर. या खेपले इचारी ऱ्हायनू."

दोधूला ताट मागता आलं नाही. त्याने वृंदावनावरचा तांब्या उचलला आणि मुळाशी धार धरली. अर्धं पाणी बाहेर गेलं.

"सुपडूले," तो म्हणाला. मग तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "आन मन्ही कमलीना पोटमा शे, त्याले."

फुलवंताबाईने डोळे पुसले. चुलीकडे वळता वळता सवयीने म्हणाली, "उद्याना खाडा मांडी लेस, बरं का."

"नको, मावशी," दोधू म्हणाला. "उद्याना खाडा धरू नको. उद्या मन्हा उपास शे."