दोन खोल्यांचा दिवा

आई त्यांच्या जुन्या खोलीच्या चित्राकडे पाठ करून उभी राहिली. लेकीचं चित्रप्रदर्शन गावोगाव फिरत आज इथे आलं होतं, आणि ती आली होती ती निव्वळ भांडायला.

"आपली लक्तरं वेशीवर टांगलीस, वर गावभर मिरवतेस," ती म्हणाली. "आपली खोली तेवढी काढून घे इथून."

एकदा नीट बघ, मग तेच म्हणालीस तर काढते, असं लेकीने कबूल केलं. सगळ्या चित्रांत तिचा जीव होता तो त्या एकाच चित्रात.

आईने आधी समोरच्या भिंतीवरचं चित्र बघून घेतलं. त्यांच्या खोल्या पाडून उभा केलेला टॉवर. फ्लॅट रिकामे, माणसाचा पत्ता नाही, पण खिडकीखिडकीत दिवा. "यांना वीज फुकट मिळते वाटतं," असं पुटपुटत ती नाइलाजाने वळली.

खोली अगदी होती तशीच होती. स्टोव्ह, दोरीवरचे कपडे, आणि शेजारच्या खोलीबरोबरच्या भिंतीत, वर पाडलेल्या भोकात एकच बल्ब. अर्धा उजेड यांना, अर्धा पलीकडच्या शिवणवाल्या काकूंना. बटण मात्र आईकडे. धाकटी पोरं निजलेली असायची, म्हणून हाक न मारता ती दिवा मालवण्याआधी भिंतीवर टकटक करायची. पलीकडून टकटक आली, की कुणाचा तरी ब्लाउज अजून मशीनवर आहे असं समजायचं आणि दिवा राहू द्यायचा. लेकीचा सगळा अभ्यास त्या ब्लाउजांच्या मेहरबानीवर झाला. खोल्या पडल्या त्या दिवशी काकू कुणाच्या टेम्पोत बसून कुठे गेल्या, ते आजतागायत कळलं नव्हतं.

आई चित्राच्या अगदी जवळ गेली. मग तिने विचारलं, "इथून पुढे कुठे नेणार हे?"

"अजून बरीच गावं आहेत."

"मग राहू दे. असेल ती कुठेतरी. बघेल."

तेवढ्यात हॉलचा राखणदार दाराशी आला. वेळ झाली, दिवे मालवू का, असं त्याने विचारलं.

आईचा हात आपसूक चित्राशेजारच्या भिंतीवर गेला. तिने हलकेच टकटक केलं आणि कान देऊन उभी राहिली.

"जरा थांबा," ती त्याला म्हणाली. "पलीकडे विचारलंय."