वहीतली गिटार

"घ्या की हातात. चावत नाही ती," कारागीर म्हणाला.

गिटारवाल्याने हात पुढे केला, मागे घेतला, पँटला पुसला. समोर टेबलावर जुन्या निळ्या चादरीच्या तुकड्यावर त्याची नवी गिटार पडली होती. गेले आठ महिने तो हिच्यासाठी या वर्कशॉपचे उंबरठे झिजवत होता. आज ती तयार होती आणि याचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. तो खिडकीपाशी गेला, परत आला, पॉलिशच्या वासावर उगाच शिंकला, शेजारी ठेवलेली आपली जुनी गिटार इकडची तिकडे केली.

"अहो, बसा जरा. तुमच्याकडे बघून मलाच धाप लागतेय," स्टुलावरून बायको म्हणाली. ती नर्स होती. माणसांना गप्प बसवणं हेच तिचं काम, पण घरचा पेशंट तिला कधीच आवरला नव्हता.

बावीस वर्षं हा एका बँडमध्ये दुसरी गिटार वाजवत होता. बँडच्या म्होरक्याने बांधलेली एक धून होती. तिच्यातला सोलो, म्हणजे एकाच गिटारने वाजवायचा तुकडा, कार्यक्रमात नेहमी पहिला गिटारवाला वाजवायचा. हा तो घरी वाजवायचा. रोज, न चुकता. आणि रोज एकाच जागी चुकायचा. सातव्या फ्रेटवर, म्हणजे सातव्या पट्टीवर, करंगळी सटकायची आणि सूर घसरायचा. दोष अर्थातच गिटारचा! नेक, म्हणजे गिटारची दांडी, जाड आहे. तारा उंच आहेत. पट्टीची कड बोचते. धून संपली की हा वही उघडून नवी तक्रार टिपून ठेवायचा. त्रेचाळीस तक्रारी जमल्यावर त्याने ती वही कारागिरापुढे टाकली आणि म्हणाला, "अशी गिटार बनवा, की यातलं एकही खुसपट उरणार नाही."

"माझ्याशी लग्न करताना यांनी एवढ्या अटी घातल्या नव्हत्या," वही पाहून बायको तेव्हा म्हणाली होती.

कारागीर जुन्या वळणाचा माणूस. त्याने मेणाचा गोळा गरम करून त्यात याचा डावा पंजा दाबून घेतला आणि त्या ठशाबरहुकूम नेक तासली. तरी हा दर आठवड्याला हजर. प्रत्येक वेळी जुन्या गिटारवर तोच सोलो वाजवायचा, सातव्या फ्रेटशी थांबायचा आणि गुणगुणून दाखवायचा, "इथे खरं असं यायला पाहिजे. पण ही येऊ देत नाही ना!" त्याने कारागिराच्या नाकी नऊ आणले होते. नेक तीनदा तासून झाली.

मधल्या काळात एक गोष्ट याच्या तोंडून निघून गेली होती. "नवी गिटार आली की सोलो मी वाजवणार," असं तो म्होरक्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि म्होरक्या चक्क हो म्हणाला होता. येत्या शनिवारी कार्यक्रम होता. बायकोला कायम संध्याकाळची पाळी. बावीस वर्षांत तिने याला एकदाही स्टेजवर पाहिलं नव्हतं, तो बँड ऐकला नव्हता. या शनिवारी तिने पाळी बदलून घेतली होती. याचा जीव टांगणीला लागला होता तो त्यामुळे.

शेवटी त्याने गिटार उचलली. नेक पंजात अशी बसली, की त्याला क्षणभर हसूच आलं. तारा बोटांखाली मऊ होत्या. वजन अगदी मापात. त्याने सोलो सुरू केला.

सातव्या फ्रेटवर करंगळी सटकली.

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाजवला. पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा तर त्याला ती सटकताना आधीच दिसली. तरी तो थांबला नाही, शेवटपर्यंत वाजवत गेला. त्याचे कान तापले होते. वहीतली त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कलमं पाळली गेली होती.

"काका, एकदा तुम्ही वाजवून बघता का? नेकमध्ये अजून काहीतरी राहिलंय."

"ही तुमच्या पंजाची. माझ्या हातात कशी बसेल?" असं म्हणून कारागिराने शेजारची जुनी गिटार उचलली आणि स्पीकरची वायर तिला लावली. तो काही वाजवणारा नव्हता. तारा तपासण्यापुरता त्याचा हात चालायचा. पण आठ महिने कानावर पडून पडून तो तुकडा त्याच्या डोक्यात बसला होता. जाड नेकवर, त्याच उंच तारांवर, त्याने तो सावकाश वाजवला. सातवा फ्रेट आला आणि गेला. काही झालं नाही.

गिटारवाल्याला फार लाज वाटली. बावीस वर्षं त्याने एका निर्दोष वस्तूला शिव्या घातल्या होत्या. त्याने मोबाइल काढला आणि म्होरक्याचा नंबर शोधला. 'शनिवारी सोलो पहिल्या गिटारवाल्यालाच दे,' एवढंच सांगायचं होतं. अंगठा बटणावर गेला.

"छान वाजवलंत हो काका," बायको म्हणाली. "फक्त मधली ती मुरकी राहिली तुमची. सूर जरासा घसरतो आणि परत वर येतो ना, ती. यांची कशी बरोब्बर येते बघा, रोज. मला तर सगळ्या धुनेत तेवढीच जागा आवडते."

कारागिराने तोंड उघडलं, गिटारवाल्याकडे पाहिलं आणि मिटलं.

गिटारवाल्याने मोबाइल खिशात टाकला.

"काकांना नाही जमायची ती," तो म्हणाला. "शनिवारी ऐक."