नावाची जागा

सत्काराआधी साहित्य मंडळाने त्यांच्या वेबसाइटवरच्या माझ्या पानाची लिंक पाठवली. ‘श्री. रघुवीर टेंबे यांनी मराठी समृद्ध केली.’ तीनदा वाचलं. खरंच केली असेल का मी?

सून मोबाइलमध्ये डोकावली. “बाबा, लिंकच्या शेवटी जे लिहिलंय, तेच पानावर नाव म्हणून येतंय. बघा गंमत.” तिने तिथे ‘दुधीभोपळा’ लिहिलं. श्री. दुधीभोपळा यांनीही मराठी समृद्ध केली होती. मग तिने नाव पुसूनच टाकलं. स्तुती तशीच राहिली.

“नाव आहे की नाही, हे तपासतच नाही हो हे पान!”

“मंडळाच्या अध्यक्षांनी माझी पुस्तकं वाचलीत,” मी पुटपुटलो.

सत्काराला अध्यक्षांनी तेच वाक्य सुरू केलं. ‘श्री.’पाशी अडखळले, खिसे चाचपले आणि नावाशिवायच पुढे गेले.

टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या.