राष्ट्रगीताला चाल हवी

"चाल अजून ठरली नाही," समितीचे चिटणीस धापा टाकत म्हणाले. "शब्दांवरूनच भांडणं चाललीत तिकडे."

बँडमास्तरांची छडी हवेतच राहिली. समोरचं मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. आता जुना झेंडा उतरणार, नवा चढणार आणि त्याच्याबरोबर नव्या देशाचं राष्ट्रगीत वाजणार, असं गावभर छापून लावलेलं. मंचावर गव्हर्नरसाहेब ताठ उभे होते. त्यांच्या राज्याचा हा शेवटचा दिवस.

"मग मी वाजवू काय?"

"काहीही वाजवा. पण आपलं हवं. त्यांचं नको!"

पंचाईत तिथंच होती. बँड साहेबांचा, गाणी साहेबांच्या मुलखातली. कागद समोर न ठेवता सगळ्या वादकांना येईल असं आपलं गाणं एकच होतं. ड्रमवाल्यानं दबकत ते सुचवलं आणि बँडमास्तरांना घाम फुटला.

ते त्यांच्याच बायकोनं भांडी घासता घासता गव्हर्नरसाहेबांवर रचलं होतं.

ढेरी आली, ढेरी आली, सरका बाजूला!
साहेब पोचेल सावकाश, घाई नाही त्याला.

चाल मात्र गोड होती. शेजारणींनी ती उचलली, मग हमालांनी, मग शाळेतल्या पोरांनी. आता गावात ते गाणं येत नाही असा माणूस उरला नव्हता. एक साहेब सोडून.

जुना झेंडा खाली आला. सगळं मैदान बँडकडे बघायला लागलं.

"अगदी संथ घ्या," बँडमास्तर पुटपुटले. "आणि कुणी हसलं तर याद राखा."

क्लॅरिनेटनं पहिली ओळ धरली. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बँडमास्तरांच्या बायकोनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. माणसं ओठ आवळून उभी राहिली, खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेवढ्यात वर नवा झेंडा उलगडला. हसू थांबलं, पाणी काही थांबेना. शब्द कुणीच उच्चारले नाहीत. पण मिटल्या तोंडांनी सगळं मैदान ती चाल गुणगुणत होतं.

साहेब शेवटपर्यंत सलाम ठोकून उभे होते. मग पायऱ्या उतरून ते थेट बँडमास्तरांकडे आले. चिटणीसांचा चेहरा पांढराफटक पडला.

साहेबांचेही डोळे ओलावले होते. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या पदरी होता, बँडमास्तर. एवढं सुंदर गाणं माझ्यासमोर एकदाही कसं नाही वाजवलंत?"

जुन्या सवयीनं बँडमास्तरांच्या टाचा जुळायला निघाल्या. त्यांनी त्या जुळू दिल्या नाहीत.

"वाजायचं की, साहेब. रोज वाजायचं," ते म्हणाले. "तुमची पाठ वळली की."