दाखवायची आई

खाणीच्या क्वार्टरात शिरताना रुख्माबाईने पायाने उंबरठा चाचपला. तो नव्हताच. सिमेंटची एक पट्टी होती आणि तिच्यावर सुनेने पायपुसणं टाकलं होतं. उंबरठाच नाही तर बाहेर कुठलं आणि आत कुठलं, असं मनाशी म्हणत तिने डोक्यावरची टोपली उतरवली.

टोपलीत माती होती. वारुळाची, चाळून घेतलेली, धानाचा कोंडा मिसळलेली, आणि वर घरच्या चुलीचं फोडून आणलेलं एक ढेकूळ. पोरगा वेगळा राहू लागला की त्याची पहिली चूल आईने घालायची, घरच्या चुलीची माती तिच्यात मिसळून. रुख्माबाईची तिच्या सासूने घातली होती. म्हणून ‘क्वार्टर मिळाले, मंगळवारी अवश्य ये’ असं हिरालालचं कार्ड आलं तेव्हा तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. लांजीच्या घराला कुलूप लावून ती निघाली होती. त्या घरात आता ती एकटीच राहत होती, त्यामुळे विचारायचं कोणाला नव्हतं. उकव्याच्या खाणीपर्यंत दोन बस बदलल्या, पण टोपली तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

हिरालालच्या अंगात टेरिलिनचा शर्ट होता आणि खिशाला पेन.

“हे काय आणलं माय? इथं चूल नाही चालत. भिंती काळ्या होतेत.”

खाणीच्या भुकटीने अख्खी कॉलनी काळवंडलेली, झाडांची पानंसुद्धा ओळखू येत नव्हती, आणि ह्याला काळजी भिंतींची. त्याने टोपली उचलली आणि मागे मोरीपाशी नेऊन ठेवली.

सरिताने, म्हणजे सुनेने, कौतुकाने स्टोव्ह दाखवला. त्याच्यावर विणलेला रुमाल पांघरला होता. रुख्माबाईने आयुष्यात पुष्कळ माणसं उघडी निजलेली पाहिली होती. पांघरूण घेतलेला स्टोव्ह ती पहिल्यांदाच पाहत होती.

मागच्या खोलीत एक खाट होती. खाटेला काठी टेकवलेली. खिडकीबाहेर दोरीवर नऊवारी लुगडं वाळत होतं, आणि ते ओलंही नव्हतं.

“हे लुगडं कोनाचं?”

“बाजूच्या शेवंताबाईचं,” हिरालाल म्हणाला. “खाट बी तिचीच. काठी तिच्या सासऱ्याची.” मग त्याने घसा खाकरला. “असं हाय माय, दोन खोल्या ज्याच्याजवळ मायबाप राह्यतेत त्यालेच भेटतेत. नाही तं एका खोलीच्या लाइनीत जा लागते. मी कागदावर तुह्यं नाव लिहून देलं. तीन वाजता हापिसातला बाबू पाहाले येऊन राह्यला. इचारलं तं सांगजो, इथंच राह्यतो म्हून. मंग चारची बस हाय तुह्यी.”

“अन् काठी काहून?”

“काठी असली तं म्हातारी दिसशीन.”

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आली ती किळस. खोटं बोलायला तिची ना नव्हती. पोरासाठी ती देवापुढेही खोटं बोलली असती. पण दाखवायला आई हवी होती, तर निदान लुगडं तरी आईचं मागायचं. एवढीही तसदी त्याने घेतली नव्हती. आणि सरिताने चारच्या बससाठी पोळ्यांची पुरचुंडी बांधून कोनाड्यात ठेवलेलीही तिला दिसली.

बाबू आला. घामेजलेला, रजिस्टर काखेत. हिरालालने दोन्ही हात जोडले.

“माताजी हमारे साथ ही रहती हैं, साहब.”

माताजी. जन्मभर माय म्हणणाऱ्या पोराच्या तोंडी तो शब्द दुसऱ्याच्या चपलेसारखा वाटत होता.

बाबूने खाट पाहिली, दोरीवरचं लुगडं पाहिलं आणि मग म्हातारीकडे वळला. “क्यों माई, यहीं रहती हो?”

रुख्माबाईने घाई केली नाही. समोर एका खोलीची लाइन दिसत होती. एक ‘नाही’, की संध्याकाळपर्यंत स्टोव्ह, रुमाल आणि टेरिलिन तिकडे. हिरालालच्या पाठीला शर्ट चिकटला होता. तिने ते बघून घेतलं, अगदी पोटभर.

“हौ बाबू,” ती म्हणाली. “यहींच. जबतक जिंदा हूँ तबतक यहींच. पक्की स्याही से लिखो.”

बाबू हसला आणि त्याने शाईने लिहिलं. “हर तीन महीने में गिनती होती है, माई. तब भी दिखना.”

“दिखूंगी ना.”

बाबू पुढच्या क्वार्टरकडे गेला. हिरालालचा जीव भांड्यात पडला. त्याने कोनाड्यातली पुरचुंडी हातात घेतली. “चाल माय, बसचा टाइम झाला.”

रुख्माबाईने मागे जाऊन दोरीवरचं लुगडं ओढलं, घडी घातली, वर काठी आडवी ठेवली आणि सगळं त्याच्या हातांवर दिलं. पुरचुंडी काढून घेतली.

“जा, ज्याचं त्याले नेऊन दे. खाट राहू दे चार दिस. सांग तिले, माह्यी माय आली राहाले.”

“अन् लांजीचं घर?”

“त्याले कुलूप हाय. किल्ली माह्यापाशी हाय.”

मोरीपाशी गेलेली टोपली तिने फरफटत स्वयंपाकघरात आणली. तिच्या मागे सिमेंटवर मातीचा एक पट्टा उमटत आला. स्टोव्ह रुमालासकट उचलून तिने खिडकीत ठेवला. मग पदर खोचून ती जमिनीवर बसली आणि घरच्या चुलीचं ढेकूळ तळहाताने चुरू लागली. सरिता दारात उभी होती. पायपुसण्याकडे बघत होती.

“माय, बस जाईल ना,” हिरालाल म्हणाला. हातांवर अजून लुगडं आणि काठी तशीच होती.

“जाऊ दे. अन् येतानी बालटीभर पानी आण,” रुख्माबाई मान वर न करता म्हणाली. “माती भिजवाची हाय.”