लाल पेन्सिल

गादीखाली पुस्तक नव्हतं.

त्याने गादी उलटी केली, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेला.

"आई, माझ्या खोलीत कोण आलं होतं?"

"बाबा. सकाळपासून वाचत बसलेत. जेवायलाही उठले नाहीत." आईने मान वर केली नाही.



कादंबरी जुनी, गाजलेली. दोन तरुणांचं एकमेकांवर प्रेम. लोक काय म्हणतील या धास्तीने त्यातला एक दुसऱ्याला दाराबाहेर काढतो आणि त्याच्या आयुष्याची माती होते. मित्राने ती देताना पहिल्या पानावर स्वतःचं आणि याचं नाव लिहिलं होतं. वाचताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळं पेन घेऊन त्याने प्रेमाची एकेक ओळ खोडली. पुस्तक टाकून देणं मात्र जमलं नाही.

बाबांनी पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाले तरी कानावरची लाल पेन्सिल सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीवरच्या चुकाही ते सुधारायचे. लहानपणी त्यांनी त्याला खुणा शिकवल्या होत्या: अक्षर गाळायचं तर शेपटी, चुकून खोडलेलं परत ठेवायचं तर खाली टिंबं, जागा सोडायची तर जाळी. लेखकाच्या वाक्याला मात्र हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

"इकडे ये," आतून हाक आली.

टेबलावर पेन्सिलीची सालपटं साचली होती.  बाबांनी पुस्तकातल्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे कोणी खोडलं?"

"मी."

"का?"

"लाज वाटली."

"आणि ज्याने दिलं तो?"

"त्याला सांगितलंय, परत येऊ नकोस म्हणून."

"बोलाव त्याला. आज संध्याकाळी. माझ्यासमोर."

"बाबा, त्याची काही चूक नाही."

"चूक कुठे आहे ते मला कळतं. आयुष्यभर तेच केलंय." त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. "हे घेऊन जा."

खोलीत येऊन त्याने कडी लावली. बॅगेत दोन शर्ट कोंबले. मित्राला इथे येऊ द्यायचं नाही, आपणच त्याच्याकडे निघून जायचं. पण पुस्तक? पानापानांतून लाल रंग डोकावत होता. बाबांनी लिहिलेलं मित्राच्या नजरेला पडायला नको, म्हणून पानं फाडायला त्याने ते उघडलं.

त्याने खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली लाल टिंबं होती.

तो भराभरा शेवटच्या प्रकरणावर गेला. नायक त्या दुसऱ्या तरुणाच्या तोंडावर दार लावतो, ते वाक्य त्याने न खोडता तसंच ठेवलं होतं.

ते बाबांनी खोडलं होतं.